दहा ते पाचची जयवंताबाई

जयवंता उमाटेला गाता येत नव्हतं. आवाज असा, की तान्ह्या अंकिताला मांडीवर घेऊन तिनं अंगाई सुरू केली की नवराच म्हणायचा, "राहू दे व, झोपू दे पोरीले." पण कोणत्या गाण्यामागं कोणतं गाणं लावायचं हे तिच्याइतकं फार थोड्यांना कळत असेल. आणि हे कळणं म्हणजे काही विद्या असते, असं तिला स्वतःला वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

तिचं माहेर तळेगाव श्यामजी पंत. वडील नत्थूजी यांचं बिछायत केंद्र होतं: सतरंज्या, कनाती, स्वयंपाकाचे मोठाले गंज-पातेली आणि लग्नात वाजवायचे दोन भोंगे. रेकॉर्ड बदलायचं काम लेकीकडं. एका लग्नात तिनं आपल्या आवडीचं गाणं सकाळपासून तिसऱ्यांदा लावलं. नत्थूजी उठले, तिला मांडवामागं घेऊन गेले. तिथं आठ-दहा बाया पुऱ्या लाटत बसल्या होत्या.

"पाहुणा येते, जेवते, चालला जाते," नत्थूजी म्हणाले. "त्याले तुहं गाणं एकदाच ऐकू येते. या बाया पहाटपासून अथीच बसून हायेत. याइच्या कानाचा विचार कोनं करावा?"

पोरगी लाजली. चौथ्यांदा काही तिनं ते गाणं लावलं नाही.

एक्क्याण्णव साली तिचं लग्न देवळीच्या गजेंद्रशी झालं. बसस्टँडसमोर गजेंद्रचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तो जमाना कॅसेट भरून देण्याचा होता. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचं, दुकानदारानं ती एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. गजेंद्रला सोल्डरिंगच्या कामातून सवड नसे, म्हणून हे काम जयवंतानं घेतलं. लोक यादी आणायचे, पण साठ मिनिटांची कॅसेट भरेल एवढी गाणी कोणालाच आठवायची नाहीत. आठ लिहिली की पेन थांबायचं. मग उरलेली चार जयवंता आपल्या मनानं टाकायची. आधी यादी नीट वाचायची. हा माणूस टांगा-बैलगाडीच्या जुन्या जमान्यातला आहे, हा नवाच लग्न झालेला आहे, हा घरात बोलत नाही म्हणून गाणी ऐकतो, असं काहीबाही तिला त्या आठ गाण्यांतून दिसायचं. त्या माणसानं कधी तरी ऐकलेलं, पण त्याच्या ध्यानातून उतरलेलं गाणं ती नेमकं शोधून काढायची.

बाजारगल्लीतले शिलाईवाले बबनराव पुढच्या खेपेला आले तेव्हा काउंटरवर हात टेकून म्हणाले, "बाई, माह्या यादीतले दोन काढून टाकाचे असन तं टाका. पण तुमच्या मनचे चार राहू द्या."

मग तोच रिवाज पडला. 'वरची चार' असं म्हणायचे लोक. वर्ध्याहून, पुलगावहून माणसं देवळीला यायची ती वरच्या चारांसाठी. कॅसेट भरताना जयवंताचा आणखी एक नेम असे. तिच्या मनातलं विसरलेलं गाणं ती कधीच सुरुवातीला टाकायची नाही. दोन ओळखीच्या गाण्यांच्या मधे टाकायची. गजेंद्रनं एकदा विचारलं, "असं काऊन?"

"अनोळखी पाहुणा हाये तो," ती म्हणाली. "घरच्या दोघाइच्या मधात बसवला की लवकर रुळते."

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग शंभर-शंभर गाण्यांच्या सीडी आल्या, मागोमाग मोबाइलची कार्डं आली. कोऱ्या कॅसेटची खोकी तशीच पडून राहू लागली. गजेंद्रला चिंता नव्हती. भारनियमन एवढं वाढलं होतं की इन्व्हर्टर दुरुस्तीतून त्याला मान वर करायला फुरसत नसे. पण जयवंताच्या हाताला काम उरलं नाही. टेपडेकवर तिनं कापड झाकलं आणि दुपारभर ती दुकानात बसून रस्त्याकडं पाहत राहायची.

दोन हजार सातच्या दसऱ्याला वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत रेडिओ केंद्र सुरू होणार अशी बातमी अंकितानं पेपरात वाचून दाखवली. एका शिक्षणसंस्थेचं केंद्र, छोटं, पंधरा-सोळा किलोमीटर ऐकू जाईल एवढं. गाणी कॉम्प्युटरमध्ये भरून त्यांची नोंद ठेवायला माणूस हवा होता.

"मले कोठी कॉम्प्युटर येते?" जयवंता म्हणाली.

"आई, कॉम्प्युटर मी शिकवतो. गाणे तुले कोणी शिकवू शकन का?"

मुलाखतीला दोघं होते. एक संस्थेचे अध्यक्ष प्रभाकरराव, कापसाचे जुने व्यापारी, साठी उलटलेले, डोक्यावर पांढरी टोपी. दुसरा निकेश, केंद्राचा व्यवस्थापक, सत्तावीस वर्षांचा, मोठ्या शहरातल्या रेडिओवर दोन वर्षं काम करून आलेला. निकेशनं विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?" जयवंता म्हणाली, "नाई." त्यानं एका गाण्याची नुसती सुरावट वाजवली, शब्द सुरू होण्याआधीच थांबवली. जयवंतानं गाणाऱ्याचं नाव सांगितलं, साल सांगितलं, आणि पुढं म्हणाली, "हे पुरं गाणं नाई. ही सुरुवातीची खरखर कॅसेटची हाये, आन् कॅसेटवाल्यानं याचं तिसरं कडवं कापलंतं. तुमच्यापाशी तेच आलं."

निकेशनं तपासलं. कडवं खरंच नव्हतं. प्रभाकरराव टोपी सारखी करत म्हणाले, "बाई, उद्यापासून येजा."

केंद्र सुरू झालं आणि पहिला महिना नवलाईचाच गेला. सकाळी सात ते रात्री नऊ गाणी, मधेमधे शेतीची माहिती, बाजारभाव, आणि गुंजन नावाच्या मुलीचं गोड बोलणं. दिवसाला चाळीस-पन्नास फोन यायचे. देवळी तशी टापूच्या टोकाला, पण रेडिओ खिडकीत ठेवून तोंड वर्ध्याकडं केलं की तिथंही ऐकू यायचं. गजेंद्रनं तर दुकानावर तार ताणून बायकोचं केंद्र स्वच्छ आणलं होतं.

सारी गाणी मात्र निकेशच्या यादीतली. एकशे दहा गाण्यांची यादी, त्यातली वीस जोरातली, आणि ती वीस दर दोन तासांनी फिरून यायचीच. जयवंतानं कॉम्प्युटरमध्ये दोन हजारांवर गाणी भरली होती. ती तशीच पडून असायची.

एकदा तिनं विचारलं, तेव्हा निकेशनं नीट समजावून सांगितलं. तो उर्मट मुलगा नव्हता. "ताई, माणूस रेडिओ लावतो तेव्हा त्याला ओळखीचं गाणं मिळालं तर तो थांबतो. नाही मिळालं तर काटा फिरवतो. मोठ्या शहरात मी हे डोळ्यानं पाहिलं आहे. म्हणून यादी टाइट पाहिजे. कधीही लावा, चांगलंच गाणं सापडलं पाहिजे."

जयवंताला ते खोटं वाटलं नाही. कॅसेटच्या दुकानात तिनंही हेच पाहिलं होतं. शंभरातले नव्वद लोक त्याच बारा-पंधरा गाण्यांची नावं लिहून आणायचे. ती पुन्हा कॉम्प्युटरकडं वळली.

पण संक्रांतीपासून फोन ओसरले. फेब्रुवारीत दिवसाला पंधरा, मार्चात सात-आठ. प्रभाकररावांनी तिघांना बोलावलं.

"संस्थेची सभा मे महिन्याच्या शेवटी हाये," ते म्हणाले. "तिथं मले इचारतीन, हे कोन ऐकून राह्यलं? माह्यापाशी उत्तर नसन तं केंद्र बंद. या खोल्याइत कॉम्प्युटर क्लास काढाचा म्हंतात."

गुंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. निकेश म्हणाला, "सर, यादी अजून टाइट करू. एकशे दहाची साठ करतो. लोकांना फक्त एक नंबरची गाणी देऊ."

बस देवळीला येईपर्यंत जयवंताच्या डोक्यात तेच घोळत होतं. औषधानं गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवायची, की औषधच रोग्याला सोसत नाही हे आधी पाहायचं? दुसऱ्या दिवशी तिनं तीन दिवसांची सुटी मागितली. निकेशला वाटलं, बाई दुसरी नोकरी पाहत असेल.

ती नोकरी पाहत नव्हती. ती वर्ध्याचा गोल बाजार, रामनगर, सिंदी मेघे आणि देवळी पायी फिरत होती. जिथं रेडिओ दिसेल तिथं थांबायची आणि एकच प्रश्न विचारायची. कोणतं गाणं आवडतं, हे ती विचारत नव्हती. त्याचं उत्तर लोक पाहुण्याला द्यावं तसं देतात, हे दुकानात बसून तिला कळलं होतं. ती विचारायची, "रेडिओ बंद कधी करता?"

बबनराव शिवणयंत्राची पायटी थांबवून म्हणाले, "अकराले. सकाळी सातले गाणं लागते, मस्त वाटते. नऊले तेच लागते, म्हंतो लागू दे. अकराले तिसऱ्यांदा लागलं का हात आपल्याआपच जाते बटनावर."

सिंदी मेघेत यशोदाबाईंच्या बचतगटात अकरा जणी पापड लाटायच्या. दुपारी लाइट नसायची, म्हणून टीव्ही नाही, पंखा नाही. सेलवरचा एक रेडिओ तेवढा पोळपाटांच्या मधोमध. तो बंदच होता. यशोदाबाई लाटणं वर करून म्हणाल्या, "तुम्हीच काय व त्या रेडिओवाल्या? बरं झालं भेटल्या! एकच गाणं किती खेपा लावसान? माही सून म्हंते, आत्याबाई, हे गाणं आता पापडात उतरन."

सगळ्या हसल्या. जयवंताही हसली, पण तिला नत्थूजींचे मांडवामागचे शब्द आठवले. पाहुणा येते, जेवते, चालला जाते.

मात्र देवळी-वर्धा काळीपिवळी जीप चालवणारा चंदन वेगळंच बोलला. "मी काऊन बंद करू? अर्ध्या तासाची खेप. तेवढ्यात माह्या आवडीचे चार गाणे लागते. फस्क्लास!" सकाळी पानठेल्यावर थांबणारे, शाळेच्या वाटेवरचे मास्तर, संध्याकाळी भाजी घेऊन परतणारे, सगळे चंदनसारखंच बोलले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला सगळं आरशासारखं स्वच्छ दिसलं. निकेश खोटं बोलत नव्हता. त्याची यादी अर्धा तास ऐकणाऱ्यासाठी होती. पण वर्ध्यात दुपारी लाइट नसते, आणि लाइट नसताना सहा-सहा तास हाताखाली काम घेऊन बसणारा माणूस वेगळा. केंद्राचे खरे ऐकणारे तेच होते, आणि घट्ट यादीनं नेमकं त्यांनाच हाकलून लावलं होतं.

तिनं हे प्रभाकररावांसमोर मांडलं. चार माणसांत बोलायची सवय नव्हती, तरी तिन्ही दिवसांचं सगळं सांगितलं. निकेशनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, पण अनोळखी गाणं लागलं की लोक पळतात, हेही खरं आहे ना?"

"खरं हाये," जयवंता म्हणाली. "म्हणून म्हंतो, सकाळ तुमची राहू द्या. संध्याकाळ बी तुमची. मले दहा ते पाच द्या. त्या सात तासाइत एक गाणं दुसऱ्यांदा लागणार नाई, एवढंच माहं म्हणणं हाये."

प्रभाकररावांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "एक महिना," ते म्हणाले. "पंधरा मेपर्यंत. बाई, तुमच्यावर सोडतो."

दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या यादीखाली चार ओळी लिहिणाऱ्या बाईच्या हातात रोजचे सात तास आले, आणि पहिल्याच आठवड्यात ती घसरली. उपाशी माणसाला पंगत दिसावी तसं तिचं झालं. दोन हजार गाण्यांतली जी जी वर्षानुवर्षं कोणी ऐकली नव्हती ती ती तिनं काढली. भुलाबाईची गाणी, खंजिरीची भजनं, कधी न गाजलेल्या पिक्चरची सुंदर गाणी. केंद्रात बसून तिचे स्वतःचे डोळे भरून यायचे. फोन सात-आठवरून दोन-तीनवर आले.

गुंजन हळूच म्हणाली, "काकू, काल दुपारी एकही फोन नाही आला."

जयवंता पाच वाजता उठली ती देवळीच्या बसकडं न जाता सरळ यशोदाबाईंकडं गेली. रेडिओ बंद.

"बाई, राग मानू नका," यशोदाबाई म्हणाल्या. "आधी सारेच ओळखीचे होते, आता एकही ओळखीचं नाई. दुसऱ्याच्या गावच्या लग्नात बसल्यावानी वाटते."

जयवंता त्या रात्री जेवली नाही. आपण शिकलेलं आपणच विसरलो, याची तिला लाज वाटली. गजेंद्र म्हणाला, "अवं, तू तं आठ त्याइचे आन् चार तुहे टाकत होती. आता बाराच्या बारा तुहेच टाकून राह्यली. गिऱ्हाईक येईन का?"

ती ताटावरून तशीच उठली, वही काढली आणि बसली. दर बाराला आठ ओळखीची, चार विसरलेली. कोणतंही विसरलेलं गाणं एकटं नाही. अलीकडं-पलीकडं घरचं माणूस. ओळखीचीही त्या सात तासांत एकदाच. आणि दुपारी तीनला, डोळे मिटायला लागतात त्या वेळी, ठेक्याचं गाणं. सकाळी सातच्या बसनं जाऊन तिनं उरलेल्या दिवसांचा गोफ विणायला घेतला. घट्ट यादीतली वीस गाणी तिनं हाकलली नाहीत. ती दहा ते पाचमध्ये एकेकदा आणून बसवली. त्यांच्याविना भिंत उभी राहत नाही हे तिला आता पटलं होतं.

फोन वाढले, पण सावकाश. पाच, नऊ, चौदा. मेची दहा तारीख आली. प्रभाकररावांना चौदा पुरेसे नव्हते.

इथं निकेशनं डोकं चालवलं. "सर, हात पिठात असलेली बाई फोन कशी करणार? फोन मोजून काही कळणार नाही. आपण रस्त्यावर जाऊन मोजू. आधी कोणाला काही सांगायचं नाही. रेडिओवरून एकदाच सांगायचं, ऐकत असाल तर दारावर काहीतरी लावा. एकदा सकाळी आठला, माझ्या वेळेत. एकदा दुपारी तीनला, ताईंच्या वेळेत."

"काय लावतीन?" प्रभाकररावांनी विचारलं.

"दुपट्टा," गुंजन म्हणाली. मे महिन्यात वर्ध्यात उन्हासाठी डोक्याला बांधायच्या दुपट्ट्याविना घर कोणतं?

"दुपट्टे तर असेही वाळत असतात," निकेश म्हणाला.

"मग मधोमध गाठ मारून."

चौदा मेला सकाळी आठला गुंजननं सांगितलं. निकेश जीप चालवत होता, शेजारी प्रभाकरराव, मागं जयवंता. आर्वी नाक्यापासून गोल बाजार, रामनगर आणि सिंदी मेघेपर्यंत पानठेले, चहाच्या टपऱ्या, उभ्या काळीपिवळ्यांचे आरसे. गाठी मारलेले एकसष्ट दुपट्टे मोजले. निकेशचा चेहरा खुलला. जयवंताला मनापासून बरं वाटलं. पोराची यादी आपल्या जागी खरी होती.

दुपारी तीनला ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. लाइट दोनलाच गेली होती. कूलर बंद पडल्यामुळं घरोघरची दारं उघडी होती. जीप गोल बाजारात उभी. जीपमधल्या रेडिओवर एक जुनं, विसरलेलं गाणं संपलं आणि गुंजनचा आवाज आला: "आत्ता, या क्षणी, जो कोणी ऐकतो आहे, त्यानं दुपट्ट्याला मधोमध एक गाठ मारून दारावर टांगावा. पुन्हा सांगणार नाही." लगेच पुढचं गाणं लागलं.

गल्लीत कोणी हललं नाही. अर्धं गाणं झालं. कुत्रं एका दुकानाच्या सावलीतून दुसऱ्या सावलीत गेलं. जयवंतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"चलावं का?" प्रभाकरराव म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या गादीवाल्यानं कापसानं माखलेल्या हातांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, गाठ मारली आणि दाराच्या खिळ्याला अडकवला. त्याच्या बाजूच्या भांड्याला कल्हई करणाऱ्यानं लावला. मग वरच्या माडीवरच्या खिडकीतून एका बाईचा हात आला, फक्त हात, आणि पांढरा दुपट्टा गजाला लोंबकळला. शिलाईच्या गल्लीत तर एकामागून एक असे लागत गेले की निकेशनं जीप चालत्या माणसाच्या वेगानं घेतली.

"बत्तीस... तेहतीस... चौतीस," प्रभाकरराव बोटांवर मोजत होते.

रामनगरात नव्वद झाले. सिंदी मेघेत शिरताना एकशे चाळीस. विड्या वळणाऱ्यांचं घर, टोपल्या विणणारे, निंबाखाली पुस्तकं शिवणारा म्हातारा, अंगणात चिंचा फोडणाऱ्या पोरी. यशोदाबाईंच्या दारापुढं जीप थांबली आणि प्रभाकररावांचं बोट हवेतच राहिलं. दारावर एक दोरी बांधलेली होती, आणि त्या दोरीवर ओळीनं अकरा दुपट्टे, अकरांनाही गाठी.

"एका दाराचा एकच धराचा ना," प्रभाकरराव म्हणाले.

यशोदाबाई पिठाचे हात कमरेवर ठेवून बाहेर आल्या. "काऊन जी? ऐकतो तं आम्ही अकरा जणी! अकरा धरा."

प्रभाकररावांनी निमूटपणे अकरा धरले. पुढं सावंगीचा फाटा, सालोड, आणि मग निकेशनं जीप देवळीच्या रस्त्याला लावली. देवळी टापूच्या काठावर. तिथवर मोजायचं ठरलंच नव्हतं. बाजारगल्लीत शिरले तर बबनरावांनी दुपट्टा नव्हता म्हणून शिवायला आलेल्या कोऱ्या कापडालाच गाठ मारून टांगलं होतं, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं-पांढरं हलत होतं. बसस्टँडसमोर गजेंद्र स्टुलावर चढून ताणलेल्या तारेलाच बांधलेल्या दुपट्ट्याची सैल झालेली गाठ घट्ट करत होता. जीपमध्ये बायको बसलेली पाहून तो तिथूनच ओरडला, "जयवंते! पुरी लाइन लागली व!"

प्रभाकररावांनी टोपी काढली आणि कपाळ पुसलं. "दोनशे साठनंतर माहं मोजणं चुकलं," ते म्हणाले. "आता मोजाचं बी नाई."

जयवंतानं तोंडावर पदर धरला. ती रडत होती आणि हसतही होती. निकेश स्टिअरिंगवर हात ठेवून मागं वळला. "ताई, मी दोन वर्षं नोकरी केली आणि एकदाही कोणाला विचारलं नाही, रेडिओ बंद कधी करता."

मेच्या शेवटच्या सभेत प्रभाकररावांनी फोनचे आकडे काढलेच नाहीत. ते उभे राहिले, दुपारच्या रस्त्याचं वर्णन केलं आणि म्हणाले, "ज्याले शंका असन, त्यानं माह्यासंग जीपमधी बसावं." कोणी बसलं नाही. कॉम्प्युटर क्लास दुसऱ्या इमारतीत निघाला.

जयवंता कार्यक्रमप्रमुख झाली. निकेशनं सकाळ-संध्याकाळची यादी एकशे दहाच ठेवली, आणि जयवंतानंच त्याला ती आणखी सैल करू दिली नाही. "चंदनले चारच गाणे ऐकाचे असते," ती म्हणायची, "ते चुकले नाई पाहिजे." दोघांचं दर सोमवारी भांडण व्हायचं, एखादं गाणं सकाळचं की दुपारचं यावरून, आणि गुंजन मधे चहा ठेवून निघून जायची.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका मोठ्या शहरातल्या रेडिओ कंपनीची दोन माणसं केंद्र पाहायला आली. एवढ्याशा केंद्राला लोक दिवसभर धरून बसतात, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, फराळ झाला. मग त्यातल्या एकानं डायरी उघडली आणि विचारलं, "मॅडम, मुद्द्याचं सांगा. तुमच्या यादीत गाणी किती?"

जयवंतानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दहाला पाच कमी होते.

"सकाळी इचारता का दुपारी?" ती म्हणाली, आणि पाहुण्यांना तिथंच सोडून, दहाचं पहिलं गाणं लावायला आत गेली.